टेरिटोरियल आर्मी आणि कारखान्यातली नोकरी: दोन्ही चालवायचं तर आधी काय करून ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ३३ वर्षांचे, लोट्याच्या एमआयडीसीत रसायन कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर. टेरिटोरियल आर्मी म्हणजे आपला नोकरी-धंदा सांभाळून वर्षातला काही काळ सैनिक होणाऱ्या नागरिकांचं लष्करी दल. तिच्या अधिकारीपदासाठी लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबी (लष्कराच्या निवड मंडळाची चाचणी), मेडिकल सगळं पार पडलंय आणि कमिशनचं, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीचं, पत्र कधीही येईल. पत्नी शिक्षिका, मुलगी लहान, आईवडील गुहागर तालुक्यात आणि तिथे थोडी हापूसची बाग. साहेबांना सांगितलं तर ते "बघू" म्हणाले. एचआरवाले म्हणाले, "आपल्याकडे असा काही नियम नाही." मनातली खरी भीती ही, की युनिटने दोन वर्षांसाठी बोलावून घेतलं तर परत आल्यावर नोकरी जागेवर असेल का? आणि मुळात हे दोन्ही एकत्र जमतं का?

मी चिपळूणचा. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून स्वतःचा व्यवसाय करतो आणि त्याच्याच जोडीने बरीच वर्षं टेरिटोरियल आर्मीच्या इन्फन्ट्री बटालियनमध्ये अधिकारी होतो. त्यामुळे उत्तर अनुभवावरून देतोय.

जमतं. एका अटीवर जमतं: तुमचं काम तुमच्या डोक्यातून कागदावर उतरलेलं हवं, आणि तो कागद वाचून काम पुढे नेणारा माणूस तुम्ही निघायच्या आधी तयार झालेला हवा. रजा, कायदा, पगार, सगळं त्याच्या मागून येतं. माझ्याबरोबरच्या ज्या अधिकाऱ्यांचं दोन्हीकडे नीट चाललं, त्यांचं यामुळे चाललं. जे तीन-चार वर्षांत थकून बाहेर पडले, त्यांच्यापैकी बहुतेकांचं इथेच अडलं होतं. कायदा त्यांच्याही बाजूनेच होता.

साहेबांच्या "बघू"पासून सुरुवात करू. हा "बघू" बऱ्याचदा आपणच ओढवून घेतो, कारण आपण अर्धवट आकडा सांगतो. "वर्षाला २ महिने जावं लागतं सर", एवढंच सांगायची सगळ्यांना सवय आहे. ते खरं आहे, पण पहिल्या दोन वर्षांसाठी अपुरं आहे. पहिल्या वर्षी १ महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण असतं. वार्षिक शिबिर २ महिन्यांचं, दरवर्षी, आणि पहिलं वर्षही त्यातून सुटत नाही. शिवाय कमिशन मिळाल्यापासून पहिल्या २ वर्षांत ३ महिन्यांचं कमिशनोत्तर प्रशिक्षण पुरं करायचं असतं. बेरीज करा: पहिल्या २४ महिन्यांतले ८ महिने तुम्ही कारखान्यात नसणार. तिसऱ्या वर्षापासून गाडी २ महिन्यांवर येते, बोलावणं आलं नाही तर. हे आज सांगितलंत तर साहेब कपाळाला आठ्या घालतील, पण त्यांना नियोजन करता येईल. आज २ महिने सांगून वर्षभरात पाचव्या महिन्याची रजा मागायला गेलात, तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल, आणि तिथून पुढे तुमच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहणार नाही.

तेव्हा तोंडी बोलू नका. एक पानाचा कागद करा. डाव्या बाजूला पुढच्या दोन वर्षांचे महिने, उजवीकडे तुम्ही कधी नसाल याचा अंदाज. तुमच्या कारखान्याचं वार्षिक शटडाऊन (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात तो काळ) कधी असतं ते त्याच कागदावर ठळक लिहा. मेंटेनन्सच्या माणसाने शटडाऊनच्या वेळी नसणं म्हणजे लग्नघरात आचारी नसणं. साहेबांची खरी चिंता तीच असते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. शिबिराच्या तारखा युनिटकडून शक्य तितक्या आधी मागून घ्या. त्या दर वेळी सोयीच्या मिळतीलच असं नाही. पण अ‍ॅड्ज्युटंटला (युनिटचं प्रशासन बघणाऱ्या अधिकाऱ्याला) चार महिने आधी लिहिलेलं पत्र आणि आठ दिवस आधी केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. माझ्या धंद्यात आगोटीनंतर बांधकामं थंडावतात, त्यामुळे पावसाळ्यातलं शिबिर मला नेहमीच सोयीचं. ते मी आधीच सांगून ठेवत असे, आणि अनेकदा जमूनही जाई.

आता वहीबद्दल. यावर जरा सविस्तर लिहितो.

मी निघायच्या आधी प्रत्येक साइटचं एक पान लिहायचो. त्यात नकाशाचा नंबर, काम कुठवर आलंय वगैरे असायचंच, पण ते कुणीही लिहील. उपयोगाचं असतं ते दुसरंच. एक उदाहरण देतो. गुहागरला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एका घराचं काम चालू होतं. खाऱ्या हवेत सळई गंजते आणि काही वर्षांत काँक्रीट फुटून खपल्या पडतात, म्हणून आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे अशा ठिकाणी सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर लागतं. मी पानावर लिहिलं होतं: "कव्हर ४५. मुकादम सवयीने २५ चे ब्लॉक आणतो, ते परत पाठवायचे. तो 'साहेब चालतंय' म्हणेल. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन टेपने मोजायचं, सकाळी नाही. सकाळी मिक्सर सुरू झालेला असतो आणि कुणी ऐकत नाही. मालक मुंबईला असतात, त्यांना रात्री नऊनंतर फोन करायचा." माझ्या हाताखाली तेव्हा एक डिप्लोमा झालेली मुलगी होती, तिच्या हाती हे पान दिलं. मी शिबिरात असताना तिने तिथले ब्लॉक खरोखर परत पाठवले आणि स्लॅब एक दिवस पुढे ढकलला. मुकादमाने मला फोन लावायचा प्रयत्न केला, माझा फोन बंद होता. त्याला तिचं ऐकावं लागलं. त्या दिवसापासून त्या साइटवर तिचा शब्द चालू लागला, आणि माझ्या पुढच्या शिबिराची काळजी अर्ध्यावर आली.

तुमच्या कारखान्याला हेच लावा. प्रत्येक पंपाचा, गिअरबॉक्सचा, अ‍ॅजिटेटरचा इतिहास रजिस्टरला असतो. पण कुठल्या पंपाचं मेकॅनिकल सील गळायच्या आधी कसा आवाज येतो, कुठला व्हॉल्व्ह कागदावर बंद असतो आणि प्रत्यक्षात थोडा सोडत असतो, कुठला सप्लायर रविवारी फोन उचलतो, बॉयलरच्या दाखल्याची मुदत कधी संपते आणि तपासणीसाठी किती दिवस आधी मागे लागावं लागतं, हॉट वर्कचं (वेल्डिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामाचं) परमिट कुठल्या जागी सहीपुरतं न देता स्वतः उभं राहून द्यायचं, हे तुमच्या डोक्यात आहे. ते उतरवा. एका बैठकीत होणार नाही. रोज शिफ्ट संपताना पंधरा मिनिटं बसलात तर दोन महिन्यांत वही उभी राहील.

मग माणूस निवडा. तुमच्या खालचा सगळ्यात हुशार मुलगा निवडायला जाल, पण तो दुसरी नोकरी धरून जायचीही शक्यता जास्त. जो टिकणारा आहे, ज्याचं घर खेड-चिपळूण पट्ट्यात आहे, त्याला तयार करा. आणि तुम्ही कारखान्यात असतानाच आठवडाभर त्याला तुमच्या खुर्चीत बसवा. तुम्ही बाजूला बसा, बोलू नका. जिथे तो अडेल ते वहीतलं न लिहिलेलं पान आहे असं समजा. ही चाचणी झाल्यावर साहेबांकडे जाऊन "मी नसताना हा बघेल" म्हणालात, की ते वाक्य त्यांना खरं वाटतं.

काहीजण म्हणतात, असं केलं तर आपली गरजच संपेल, उद्या आपल्यालाच काढतील. माझा अनुभव उलटा आहे. ज्याच्यावाचून एकही दिवस पान हलत नाही असा माणूस मालकाला धोक्याचा वाटतो. घडी बसवून देणारा माणूस मालक सहसा सोडत नाही.

आता तुमची खरी भीती: बोलावणं.

टेरिटोरियल आर्मीचा कायदा १९४८ चा, आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तेव्हापासून मूळ कल्पना एकच आहे: पोटापाण्याचा स्वतंत्र उद्योग असलेल्या नागरिकाने वर्षातला काही काळ सैनिक व्हायचं आणि देशाला गरज लागेल तेव्हा पूर्ण वेळ उभं राहायचं. या पूर्ण वेळ उभं राहण्याला एम्बॉडिमेंट म्हणतात, आणि त्याचा काळ तुमच्या हातात नसतो. ताजं उदाहरण ६ मे २०२५ च्या अधिसूचनेचं. तिने लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला गरजेप्रमाणे बोलावण्याचा अधिकार दिला. ३२ इन्फन्ट्री बटालियनपैकी १४ तैनात करण्याची तरतूद तिच्यात आहे, आणि तिची मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८. म्हणजे तुम्ही अशा काळात दाखल होताय, जेव्हा बोलावणं येणं ही लांबची गोष्ट नाही. हे पत्नीला आणि साहेबांना दोघांनाही स्पष्ट सांगा.

कायदा काय देतो? कलम ७-अ म्हणतं, की लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला मालकाने लागेल तेवढी रजा द्यायची, आणि सेवा संपल्यावर आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर परत घ्यायचं. हे खाजगी मालकालाही लागू आहे. तेव्हा एचआरला सांगा, कंपनीत नियम नसला तरी देशाचा कायदा आहे, त्याची प्रत त्यांना नेऊन द्या. मालकाने नकार दिला किंवा परत घेणं शक्यच नाही म्हणाला, तर ठरवून दिलेल्या प्राधिकरणाकडे प्रकरण नेता येतं. ते प्राधिकरण परत घ्यायचा हुकूम देऊ शकतं, ६ महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यायला लावू शकतं, किंवा मालकाची अडचण खरी असेल तर त्याला मोकळंही करू शकतं. कलम ७-ब खाली भविष्य निर्वाह निधीसारखे तुमचे हक्क त्या काळात शाबूत राहतात.

ही भरपाईची मर्यादा नीट वाचा. भांडण शेवटाला नेलंत तरी भरपाई म्हणून हाती येईल ते जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराइतकं. कायदा तुम्हाला रस्त्यावर येऊ देत नाही, पण तुमची खुर्ची, तुमची बढती, साहेबांशी असलेलं नातं तो राखू शकत नाही. ते वहीने राखायचं.

आमच्या युनिटमधला एक जवान खेडकडचा होता, एका खाजगी वाहतूकदाराकडे ट्रक चालवायचा. त्याची तैनाती ठरल्यापेक्षा लांबली. इकडे मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. मालक फोनवर मला म्हणाला, "साहेब, मी किती दिवस गाडी उभी ठेवू? माझा हप्ता थांबत नाही." त्याचंही खोटं नव्हतं. आम्ही युनिटच्या लेटरहेडवर पत्र दिलं, सोबत कलम ७-अ ची प्रत आणि बोलावल्याच्या आदेशाची प्रत जोडली. मालकाने त्याला परत घेतलं, पण लांबच्या फेऱ्यांवर घेतलं, जवळची नेहमीची फेरी गेली ती गेलीच. त्या जवानाने जाताना मालकाला स्वतःच एखादा बदली ड्रायव्हर आणून दिला असता, तर ती फेरी राहिली असती असं मला आजही वाटतं. यानंतर बटालियनमधल्या आमच्या कंपनीत, म्हणजे आमच्या तुकडीत, आम्ही एक पद्धत पाडली: सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक जवानाने मालकाला भेटून पुढच्या शिबिराची तारीख सांगायची आणि परत आल्यावर सुभेदार साहेबांना तसं कळवायचं. जवानाचं नुकसान अधिकाऱ्यापेक्षा नेहमीच जास्त असतं. तुम्ही अधिकारी म्हणून जाताय, तर हीसुद्धा तुमचीच जबाबदारी आहे. आपली नोकरी सांभाळता सांभाळता आपल्या तीस-चाळीस माणसांच्या नोकऱ्या, शेती, दुकानं यांचीही चौकशी करायची असते. त्यात आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळ जातो, आणि तो द्यायलाच हवा.

बोलावण्याची उलटी बाजूही सांगतो, कारण तरुण मुलं तिथे फसतात. एकदा एम्बॉडी झाले की रेग्युलर अधिकाऱ्याइतका पगार, भत्ते, कँटीन, इस्पितळ मिळायला लागतं. दोन वर्षं अशी गेली की वाटतं, आता हेच आयुष्य, आणि मागची नोकरी सोडून दिली जाते. मग डिसएम्बॉडी व्हायचा आदेश येतो आणि दुसऱ्या दिवसापासून पगार बंद. पेन्शनसाठी अधिकाऱ्याला एकूण २० वर्षांची प्रत्यक्ष एम्बॉडी झालेली सेवा लागते. नुसती २० वर्षं नाव पटावर असून भागत नाही. टेरिटोरियल आर्मी पूर्णवेळ नोकरीची हमी देत नाही, हे पहिल्या दिवसापासून धरून चाला आणि कारखान्याची नोकरी कुठल्याही मोहात सोडू नका. तिथून प्रत्येक बोलावण्याच्या आदेशाची प्रत, हजर झाल्याचा आणि मोकळं केल्याचा कागद, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. कारखान्याच्या एचआरला प्रत्येकाची प्रत पोच घेऊन द्या. "व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं" एवढ्यावर हक्क सिद्ध करणं कठीण जातं.

पैशाचं थोडक्यात. एकाच आर्थिक वर्षात दोन ठिकाणांहून पगार मिळाला की दोघंही आपापल्या परीने कर कापतात, आणि दोघंही तुम्हाला प्रमाणित वजावट देतात. ती एकदाच मिळते. विवरणपत्र भरताना मग चांगला मोठा कर आणि वर व्याज निघतं. म्हणून दुसरीकडचा पगार कारखान्याच्या लेखा विभागाला त्याच वर्षी लेखी कळवा म्हणजे ते कर नीट कापतील. आयुर्विम्याच्या कंपनीला लष्करी सेवेबद्दल लेखी कळवून उत्तर घेऊन ठेवा. कारखान्याच्या गटविम्यात बिनपगारी रजेच्या काळात तुम्ही राहता की बाहेर पडता तेही विचारा. लष्कराचा पहिला पगार कागदपत्रं जुळेपर्यंत उशिरा येऊ शकतो, तेव्हा तीन महिन्यांचे घराचे हप्ते बाजूला ठेवूनच निघा.

घराचं मात्र थोडक्यात होत नाही.

तुम्ही लिहिलंय, "पत्नीची संमती आहे." संमती एक, तयारी दुसरी. तुम्ही नसताना मुलीला रात्री ताप आला तर गाडी कोण काढणार? गुहागरला वडिलांना दवाखान्यात न्यायचं झालं तर वाडीतला कोण येईल? त्या माणसाला आजच जाऊन भेटा, नुसता नंबर लिहून ठेवू नका. बँकेचं खातं संयुक्त करा, सगळीकडे वारस नोंद तपासा, पत्नीच्या नावाने आवश्यक ते अधिकारपत्र करून ठेवा. तिची शाळा, मुलीचं पाळणाघर, तुमचं शिबिर हे सगळं एकाच कॅलेंडरवर उतरवा आणि ते स्वयंपाकघरात लावा. माझ्या घरी तसंच होतं. आणि गणपती. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मुंबईचा चाकरमानी कसाही येतो आणि आपण जवळ राहून नाही, हे आईला फार लागतं. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हाही तेच. कुठल्या वर्षी कुठला सण चुकणार आहे ते आधी सांगा, आयत्या वेळी सांगू नका. आधी सांगितलेलं आई सोसते.

बागेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोहोर आल्यापासून तोडणीपर्यंत फवारणी, राखण, पेट्या भरणं, वाशीला माल लावणं हे सगळं वडिलांच्या वयाला आणि तुमच्या गैरहजेरीत झेपणार नाही. पहिली दोन वर्षं, त्या आठ महिन्यांच्या काळात, बाग कराराने द्या. उत्पन्न कमी येईल, पण एक आघाडी कमी होईल. नोकरी, वर्दी आणि बाग या तिन्ही ठिकाणी एकटा माणूस पुरत नाही. मी पुरणारा माणूस पाहिलेला नाही.

शरीराकडे आतापासून लक्ष द्या. मेडिकल पार झालं म्हणजे फिट झालो असं नाही. बीपीईटीमध्ये, म्हणजे लष्कराच्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत, पूर्ण साजासह आणि रायफल घेऊन ५ किलोमीटर धावायचं असतं, मग दोर, चर, सगळं. शिफ्टच्या नोकरीत ते आपोआप राहत नाही. गुहागरच्या वाळूत पळायला छान वाटतं, पण सगळा सराव तिथेच करू नका. वाळूत पोटऱ्या थकतात आणि रस्त्याची सवय लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस चढाच्या रस्त्यावर, पाठीवर वजन घेऊन चाला. पावसाळ्यातही थांबू नका. तुमच्या पलटणीतला बावीस वर्षांचा मुलगा तुमच्या पुढे पळेल, ते चालतं. तुम्ही मागे थांबलेले दिसलात तर चालत नाही. आणि पहिल्या शिबिरात सुभेदार साहेबांच्या शेजारी उभं राहून नुसतं बघा. पलटण कशी चालते ते त्यांच्याकडून शिकाल तेवढं कुठल्याही वर्गात शिकणार नाही. कारखान्यातला अनुभवी फिटर आणि पलटणीतले सुभेदार साहेब यांचा मान राखणारा माणूस दोन्हीकडे लवकर रुळतो.

वर्दीचा वापर कारखान्यातल्या वादात, कंत्राटात किंवा गावच्या राजकारणात कधीही करू नका. हुद्दा सांगून टोलनाक्यावर गाडी काढायची नाही, हुद्दा सांगून बढती मागायची नाही. तैनातीवर असताना युनिट कुठे आहे, कधी हलणार आहे, याबद्दल वाडीच्या ग्रुपवर एक अक्षर टाकायचं नाही, फोटो तर नाहीच. घरच्यांनाही हे शिकवावं लागतं, कारण अभिमानाने पहिला फोटो तेच टाकतात.

तुमच्यासारखेच प्रश्न घेऊन पुष्कळजण माझ्याकडे येतात, त्यांच्यासाठीही दोन शब्द. ज्याचं काम खरोखरच दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, उदाहरणार्थ तालुक्यात एकटाच असलेला भूलतज्ज्ञ किंवा एकहाती दुकान चालवणारा, त्याने यात उतरताना दहादा विचार करावा. देशसेवेचे दुसरे मार्ग आपल्या किनाऱ्यावर आहेत. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही होते. तिथे स्वयंसेवकांची गरज कायम असते. गृहरक्षक दल आहे. शिक्षकांना एनसीसीचे सहयोगी अधिकारी होता येतं, तुमच्या पत्नीची शाळा एनसीसी चालवत असेल तर त्यांनी चौकशी करावी. आणि टेरिटोरियल आर्मीत स्त्रियांना अधिकारी म्हणून जाता येतं, दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्येच तसा निकाल दिलाय. मुली अजूनही विचारतात, म्हणून लिहिलं.

आता तुमचं काम. पत्र यायच्या आत साहेबांसाठीचा एक पानाचा कागद करा, त्यावर आठ महिन्यांचा खरा आकडा आणि शटडाऊनच्या तारखा घाला, सोबत कलम ७-अ ची प्रत जोडा आणि कागद एचआरकडे न्यायच्या आधी साहेबांना दाखवा. आपल्याला आधी सांगितलं, ही गोष्ट ते विसरणार नाहीत. त्यांनी नाहीच म्हटलं तर लगेच भांडू नका, युनिटला कळवा. बटालियनकडून मालकाला रीतसर पत्र जाऊ शकतं, आणि एका पत्राने पुष्कळांचा सूर बदललेला मी पाहिलाय. वही मात्र आज संध्याकाळच्या शिफ्टपासून सुरू करा, आणि पहिलं पान बॉयलरचं लिहा.